‘इट’ म्हणजे कोणता पंखा? : इंग्रजीच्या तासाला वाक्यातली चूक आणि संदिग्धता

दीपनगरला शिकवायला लागलो, त्या पहिल्या वर्षांतली गोष्ट. नववीतला एक मुलगा तापानं आठवडाभर घरी होता. त्यानं बहिणीच्या हाती वही पाठवली आणि शेवटच्या पानावर माझ्यासाठी एक ओळ लिहिली: ‘माय फादर टोल्ड दॅट आय विल कम ऑन मंडे.’ इंग्रजीच्या सरांना इंग्रजीतच कळवायचं, या हौसेनं लिहिलेली ओळ. मी लाल पेनानं ‘टोल्ड’चं ‘टोल्ड मी’ केलं, म्हणजे ‘मला सांगितलं’, शेजारी शाबासकी लिहिली आणि वही परत पाठवली.

सोमवारी मुलगा येणार म्हणून राहिलेल्या धड्यांचे कागद मी काढून ठेवले होते. आले त्याचे वडील. रात्रपाळी करून, घरी न जाता थेट शाळेत. मुलाचा ताप उतरलेला नव्हता आणि त्यांना चाचणी परीक्षेबद्दल बोलायचं होतं. ‘पोरानं वहीत कळवलं होतं ना सर?’ त्यांनी विचारलं.

कळवलं होतंच. मुलाच्या मनातलं वाक्य होतं, ‘वडील म्हणाले की मी सोमवारी येईन.’ मराठीत या वाक्यातला ‘मी’ वडिलांचा असतो. इंग्रजीत उतरताना तो मुलाचा झाला, आणि माझ्या दुरुस्तीनंतर तर पक्का मुलाचाच झाला. जी चूक कुणालाच नडली नसती ती मी सुधारली. ज्या चुकीनं निरोपच बदलला, ती मला दिसलीसुद्धा नाही.

इंग्रजी वाक्य शिकवण्याबद्दल गेल्या शंभर-दीडशे वर्षांत पुष्कळ विचार झाला आहे. तो सगळा विचार त्या एका ओळीपाशी ठेवून तपासावा, असं मला फार दिवस वाटत होतं. आपण वर्गात ‘चूक’ शिकवतो, ‘संदिग्धता’ जवळजवळ शिकवतच नाही. माझं म्हणणं असं, की क्रम उलटा हवा. वाक्यातून दुसरा अर्थ कसा निघतो हे मुलांना आधी दिसावं, नियम त्यामागून यावा.

वर्गात किती भाषा बसतात

भुसावळहून वरणगावकडे जाताना महामार्गाला लागून औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात. दीपनगर ही त्या केंद्राची वसाहत. इथं संचांचे आकडे घराघरात तोंडपाठ असतात: २१०, ५००, ६६० मेगावॅट. नोकरी बदलीची, त्यामुळे कुणी कोराडीहून आलेलं, कुणी चंद्रपूरहून, कुणी परळीहून, कुणी पारसहून. आसपासच्या गावांतली मुलं घरी लेवा बोली बोलतात, धुळ्याकडून आलेली अहिराणी, विदर्भातून आलेली वऱ्हाडी. जंक्शनच्या गावामुळे हिंदी सगळ्यांनाच येते. एकाच बाकावरचा एक मुलगा ‘काय करी राहिना?’ म्हणतो, दुसरा ‘काय करून राहिला?’ आणि पुस्तकात असतं ‘काय करतो आहेस?’

या मुलांना शाळेत आल्यावर आधी मराठीच ‘शुद्ध’ करून घ्यावी लागते. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली जिचं नाव मिळालं, त्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि त्यांची कविता याच मातीतल्या बोलीत आहे. तरीही वर्गात बोलीतलं वाक्य आलं की अनेकदा ते चूक म्हणूनच खोडलं जातं. इंग्रजीच्या तासाला येईपर्यंत काही मुलांनी मनाशी ठरवून टाकलेलं असतं, की आपण बोललो की चुकतोच. वाक्यातल्या चुकांचा विचार करताना ही भीती बाजूला ठेवून चालत नाही, कारण घाबरलेलं मूल चार शब्दांच्या पुढे वाक्य नेतच नाही. चार शब्दांच्या वाक्यात चूक कमी होते आणि सांगण्यासारखंही फारसं काही मावत नाही.

महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. रामकृष्ण मोरे तेव्हा शिक्षणमंत्री होते. त्याआधी मराठी शाळांत इंग्रजी पाचवीला भेटायचं. म्हणजे आता मूल दहावीला पोचेपर्यंत दहा वर्षं इंग्रजी शिकलेलं असतं. शब्द वाढले, ऐकून समजणं वाढलं. वाक्य मात्र अजून अडखळतं, आणि का अडखळतं हे पाहायला थोडं मागं जावं लागतं.

नियमाकडून मुलाकडे

आपल्याकडे इंग्रजी वाक्य आलं ते भाषांतराच्या वाटेनं. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्यांनी इंग्रजी गिरवलं. एक मराठी वाक्य, त्याचं इंग्रजी वाक्य, मग उलट. या पद्धतीला पुढे नावं ठेवली गेली, पण तिच्यात एक मोठा गुण होता: दोन्ही भाषा एकाच पानावर शेजारी बसत आणि मुलाला त्यांच्यातला फरक पाहता येई. १९३०च्या दशकात रेन आणि मार्टिन यांचं व्याकरण आलं. त्याच्यासोबत चूक म्हणजे नियमाचा भंग आणि दुरुस्ती म्हणजे नियमाची आठवण, ही रीत घट्ट झाली. आजही घरात जुन्या पुस्तकांचा गठ्ठा सोडला तर त्यात ते लाल पुस्तक निघतं.

मराठी वाक्याचा कागदावरचा बांध तरी कुठं फार जुना आहे? मोडीतली पत्रं पाहावीत: शब्द सुटे नाहीत, वाक्य कुठं संपलं याची खूण नाही. मराठीत विरामचिन्हं रुजवण्याचं श्रेय एकोणिसाव्या शतकातल्या मेजर थॉमस कँडींना दिलं जातं. दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण १८३६चं. म्हणजे पूर्णविराम कुठं द्यायचा हे आपल्यालाही शिकावं लागलेलं आहे. मूल इंग्रजीत चार वाक्यं ‘अँड’नं जोडत नेतं तेव्हा ते निष्काळजी असतंच असं नाही. गोष्ट सांगताना आजी जशी ‘आन् मग’ म्हणत पुढे जाते, तसं ते जात असतं.

जगात या विषयाची दिशा बदलली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १९५७ साली रॉबर्ट लाडो यांनी मांडलं, की दोन भाषांची रचना जिथं वेगळी तिथं शिकणारा अडखळणार. ती ठिकाणं आधीच हेरून शिकवावं. १९६७ साली पिट कॉर्डर यांनी आणखी पुढचं सांगितलं. एक असते हातून झालेली चूक, जी मूल स्वतः पाहताच सुधारतं. दुसरी असते त्याच्या मनात तयार झालेल्या नियमातून आलेली, आणि ती दाखवली तरी त्याला दिसत नाही, कारण त्याच्या हिशेबानं ते बरोबरच असतं. ही दुसरी चूक म्हणजे मूल कुठवर आलं आहे याचा पुरावा. १९७२ साली लॅरी सेलिंकर यांनी या अधल्यामधल्या भाषेला स्वतंत्र नाव दिलं आणि तिलाही तिची शिस्त असते हे दाखवलं.

मला सगळ्यांत जवळचं वाटतं ते मिना शॉनेसी यांचं काम. १९७०नंतर न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमध्ये सर्वांना प्रवेश खुला झाला आणि ज्यांच्या घरात कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं अशी मुलं आली. त्यांच्या सुमारे चार हजार निबंधांतल्या चुका शॉनेसींनी एकेक करून तपासल्या आणि १९७७ साली पुस्तक लिहिलं. चुका बेशिस्त नसतात, त्यांच्यामागे कारण असतं, आणि ते शोधणं हे शिक्षकाचं काम आहे, हा त्या पुस्तकाचा गाभा. आपल्या शेजारीच बंगळूर प्रकल्पात, १९७९ ते १९८४ या काळात, एन. एस. प्रभूंनी व्याकरणाचा तास बाजूला ठेवून मुलांना वेळापत्रक वाचणं, नकाशा पाहणं, हिशेब सोडवणं अशी कामं दिली. लक्ष अर्थाकडे लागलं की रचना हळूहळू आपोआप बसते, अशी त्यांची धारणा होती.

याच विषयाची उलटी बाजू आपल्या खानदेशातल्या लेखकानं पाहिली आहे. सांगवीचे भालचंद्र नेमाडे हे इंग्रजीचे प्राध्यापक. इंग्रजीचा मराठीवर झालेला परिणाम हा त्यांच्या १९९०च्या इंग्रजी ग्रंथाचा विषय. मराठी वाक्य इंग्रजीसारखं होतं आणि इंग्रजी वाक्य मराठीसारखं होतं. ये-जा दोन्ही बाजूंनी आहे. शिक्षकाला ही वाट ओळखीची असली की चूक परकी वाटत नाही.

चुकांची मुळं घरात

माझ्याकडे जमलेल्या वह्यांतल्या नेहमीच्या चुका मुळासकट मांडल्या तर चित्र असं दिसतं.

‘ही डिड नॉट वेंट.’ मराठीत ‘तो गेला नाही’ म्हणताना भूतकाळ ‘गेला’वरच राहतो, ‘नाही’ त्याला हात लावत नाही. मूल तेच करतं. इंग्रजीत नकार आला की भूतकाळ ‘डिड’ उचलतो आणि क्रियापद मोकळं होतं. एकाच ओझ्याला दोन हमाल लावायचे नाहीत, एवढं सांगितलं की मुलांना पटतं.

‘आय हॅड गॉन टू जळगाव यस्टर्डे.’ मागं उभं आहे ‘मी काल जळगावला गेलो होतो.’ मराठीतला ‘गेलो होतो’ साध्या कालच्या गोष्टीलाही चालतो. इंग्रजीतलं ते रूप दुसऱ्या एखाद्या भूतकाळातल्या घटनेची वाट पाहत राहतं, आणि वाचणारा विचारतो, ‘बरं, मग पुढे काय झालं?’

‘ऑल्दो इट वॉज रेनिंग बट वुई प्लेड.’ ही ‘जरी-तरी’ची जोडी. आपल्याकडे दोन्ही कड्या लागतात, इंग्रजीला एकच पुरते.

‘बिकॉज आय वॉज इल.’ आणि पूर्णविराम. मराठीत ‘कारण मी आजारी होतो’ हे वाक्य खुशाल वेगळं उभं राहतं, कुणालाही खटकत नाही. इंग्रजी लेखनात ते अर्धं राहिलेलं वाक्य ठरतं.

आता एक उदाहरण जरा निवांत पाहण्यासारखं आहे. मुलगी लिहिते, ‘वॉकिंग ऑन द रोड, अ डॉग बिट मी.’ इंग्रजीच्या हिशेबानं रस्त्यानं कुत्रा चालत होता. तिच्या मनात आहे, ‘रस्त्यानं चालताना मला कुत्रा चावला’, आणि हे मराठी वाक्य निर्दोष आहे. मराठीतला ‘-ताना’ उदार आहे. चालणारा कोण हे तो संदर्भावर सोडतो. पण आपल्याकडेच त्याचा एक कडक भाऊ आहे, ‘-ऊन’. ‘घरी जाऊन मी जेवलो’ चालतं. ‘घरी जाऊन पाऊस आला’ कुणीच म्हणणार नाही, कारण जाणारा आणि येणारा एकच असावा लागतो. मी वर्गात सांगतो, इंग्रजी वाक्याच्या सुरुवातीचं ते ‘-इंग’ उदार ‘-ताना’सारखं वाटतं, पण वागतं कडक ‘-ऊन’सारखं. तुमचं वाक्य ‘-ऊन’ लावून मनात म्हणून पाहा: ‘रस्त्यानं चालून मला कुत्रा चावला.’ वर्ग लगेच म्हणतो, ‘नाही सर, जमत नाही.’ नियमाचं नाव न घेता चूक सापडलेली असते, आणि ती मराठी कानानं शोधलेली असते.

एक वाक्य, दोन चित्रं

चुकीला निदान लाल शाई तरी भेटते. संदिग्ध वाक्य व्याकरणाच्या सगळ्या नाक्यांवरून बिनबोभाट सुटतं आणि वाचणाऱ्याच्या मनात जाऊन घोळ घालतं.

फळ्यावर एक वाक्य लिहितो: ‘द फार्मर हिट द थीफ विथ अ स्टिक.’ मुलांना सांगतो, काही बोलू नका, चित्र काढा. पाच मिनिटांनी वह्या वर होतात. बऱ्याच चित्रांत काठी शेतकऱ्याच्या हातात असते. काहींत ती चोराच्या हातात असते आणि शेतकरी त्याला बुक्कीनं मारत असतो. जळगावची पोरं असल्यामुळे मागं केळीची बाग हमखास काढलेली. मग वर्गात वाद सुरू होतो, आणि दोन्ही गट वाक्यावर बोट ठेवून आपलंच खरं म्हणतात. खरी गोष्ट ही, की दोघंही बरोबर आहेत. मग विचारतो, मराठीत हा वाद होईल का? ‘काठीनं चोराला मारलं’ आणि ‘काठीवाल्या चोराला मारलं.’ मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटून बसतो, त्यामुळे काठी कुणाची हे ठरलेलं असतं. इंग्रजीत ते काम शब्दाची जागा करते. इंग्रजीत जागेला एवढं महत्त्व का, हे त्या दिवशी त्या वर्गाला जन्मभरासाठी कळतं.

दुसरा प्रयोग ‘ओन्ली’चा. ‘द ऑपरेटर ओन्ली चेक्ड द ऑइल ऑन मंडे.’ याचं मराठी करा म्हटलं की पहिला उठतो: ‘ऑपरेटरनं सोमवारीच ऑइल तपासलं.’ दुसरा म्हणतो, ‘ऑइलच तपासलं, बाकी काही नाही.’ तिसरी म्हणते, ‘नुसतं तपासलं, बदललं नाही.’ आपला ‘च’ ज्या शब्दाला लागतो त्याच्यावरच जोर देतो, म्हणून मराठीत प्रश्न उरत नाही. मी मुलांना एवढंच सांगतो, की इंग्रजीत ‘ओन्ली’ लिहायच्या आधी मनातला ‘च’ कुठं आहे ते पाहा, आणि त्या शब्दाला खेटून ‘ओन्ली’ ठेवा.

काही जागा अशा आहेत, की इंग्रजीला जे दिसत नाही ते मराठी मुलाला दिसतं. इंग्रजी ‘वुई’मध्ये समोरचा धरला आहे की नाही, हे कळत नाही. आपल्याकडे ‘आपण’ आणि ‘आम्ही’ वेगळे. ‘द टीचर आस्क्ड द बॉय टू गो टू हिज रूम’ यातली खोली कुणाची? मराठीत ‘आपल्या’ आणि ‘त्याच्या’ असे दोन रस्ते आहेत. ‘फ्रेंड’ मित्र की मैत्रीण, ‘अंकल’ मामा की काका, हे प्रश्न आपल्या मुलांनाच पडतात. आणि आपल्याकडचं ‘परवा’ कालच्या आधीचंही असतं, उद्याच्या नंतरचंही. ते क्रियापदावरून ओळखायचं. संदिग्धता हा कुठल्या एका भाषेचा दोष नाही. प्रत्येक भाषा काही जागा झाकते, काही उघड्या ठेवते. दोन भाषा येणाऱ्या मुलाला हे झाकणं-उघडणं दिसतं. ‘अडाणी घरातलं’ म्हणून गणल्या गेलेल्या मुलाकडे तर अनेकदा तीन भाषा असतात.

आपल्या परंपरेतलं एक जुनं माप

वाक्य कशानं वाक्य होतं, हा प्रश्न आपल्या नैयायिकांनी फार बारकाईनं हाताळला आहे. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त वाक्यार्थ कळण्यासाठी तीन गोष्टी सांगितल्या आहेत: आकांक्षा, योग्यता आणि संनिधी. आकांक्षा म्हणजे एका शब्दाला दुसऱ्याची असलेली गरज. ‘गाय घोडा माणूस हत्ती’ असे नुसते शब्द मांडले तर त्यांना एकमेकांची गरज नाही, म्हणून वाक्य नाही. योग्यता म्हणजे अर्थानं जमणं. विस्तवानं शिंपतो म्हटलं तर व्याकरण बसतं, अर्थ बसत नाही. संनिधी म्हणजे शब्द वेळेवर आणि जवळ येणं.

इंग्रजीच्या तासाला हे माप लावून पाहिलं आणि मी थक्क झालो. ‘बिकॉज आय वॉज इल’ अर्धवट का वाटतं? आकांक्षा पुरी झालेली नाही. रस्त्यानं चालणारा कुत्रा का खटकतो? अर्थ योग्यतेला धरून नाही. काठी कुणाची हे का कळत नाही? संनिधी बिघडली आहे. आणि जिथं ही तिन्ही असूनही दोन अर्थ निघतात, तिथं तात्पर्याचा, म्हणजे बोलणाऱ्याच्या हेतूचा, विचार करावा लागतो. त्याचं जुनं उदाहरण ‘सैंधव आण’ हे आहे. सैंधव म्हणजे मीठही आणि सिंधू देशचा घोडाही. जेवताना म्हटलं तर मीठ, प्रवासाला निघताना म्हटलं तर घोडा.

नववी-दहावीच्या मुलांना हे चार शब्द अवघड जात नाहीत. इंग्रजी व्याकरणातली लांबलचक नावं पाठ करण्यापेक्षा ‘काय राहिलं? जमतं का? जवळ आहे का? कशासाठी म्हटलं?’ हे चार प्रश्न त्यांना लवकर वापरता येतात.

एका शब्दाची किंमत

यात एवढं काय अडतं, असं कुणाला वाटेल. ‘ध’चा ‘मा’ झाल्याची गोष्ट मराठी मुलांना सांगावी लागत नाही. १७७३ साली नारायणराव पेशव्यांना धरण्याचा हुकूम मारण्याचा झाला, ही आख्यायिका घराघरात आहे.

जगातली दोन उदाहरणं मी वर्गात आवर्जून सांगतो. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर दाट धुकं होतं. डच विमानातून नियंत्रण कक्षाला इंग्रजीत कळवलं गेलं, ‘वुई आर नाउ ॲट टेकऑफ.’ कक्षानं समजून घेतलं की विमान उड्डाणाच्या जागेवर थांबलं आहे. विमान तर धावू लागलं होतं. समोर दुसरं विमान होतं. ५८३ माणसं गेली. स्टीव्हन कुशिंग यांनी १९९४च्या आपल्या पुस्तकात अशा वैमानिकी संभाषणांतल्या घातक संदिग्धतेचा अभ्यास मांडला आहे. या अपघातानंतर ‘टेकऑफ’ हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना किंवा मागं घेतानाच वापरायचा, अशी शिस्त आली. दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या मेन राज्यातलं. दूध वाहून नेणाऱ्या चालकांना जादा कामाचा मोबदला मिळणार की नाही, हे कायद्यातल्या यादीत शेवटच्या कामाआधी स्वल्पविराम नसल्यानं संदिग्ध झालं होतं. २०१७ साली न्यायालयानं चालकांच्या बाजूनं निकाल दिला आणि २०१८ साली कंपनीनं ५० लाख डॉलरवर तडजोड केली.

पण एवढं लांब जायलाही नको. भुसावळच्या पोरांना रेल्वे ठाऊक आहे. दोन स्टेशनांमध्ये गाडीला लाइन क्लिअर देताना स्टेशन मास्तर एकमेकांना प्रायव्हेट नंबर देतात, म्हणजे निरोप पोचला आणि तोच पोचला याची खात्री. वीजकेंद्रात परमिट असतं, लॉगबुक असतं. मी एक वाक्य तयार करून फळ्यावर लिहितो: ‘फॅन ए ट्रिप्ड व्हाइल फॅन बी वॉज अंडर मेंटेनन्स. इट वॉज स्टार्टेड ॲट टेन.’ व्याकरणात एकही चूक नाही. मग विचारतो, दहा वाजता कोणता पंखा सुरू झाला? वर्ग काही क्षण गप्प होतो. बहुतेकांच्या घरात कुणी ना कुणी त्या पंख्यांपाशी काम करतं. दुरुस्तीत असलेल्या पंख्याजवळ माणूस असतो हे त्यांना सांगावं लागत नाही. मागच्या बाकावरून आवाज येतो, ‘सर, नाव लिहायला पाहिजे.’ सर्वनाम कधी वापरू नये याचा धडा मला वेगळा शिकवावा लागला नाही.

लाल शाई, परीक्षा आणि उरलेला वेळ

मुलांच्या लेखनातल्या चुका दुरुस्त कराव्यात की नाही, यावर अभ्यासकांत मोठा वाद झाला. १९९६ साली जॉन ट्रस्कॉट यांनी व्याकरणाच्या दुरुस्तीनं लेखन सुधारत नाही, ती सोडून द्यावी, असं ठासून मांडलं. १९९९ साली डॅना फेरिस यांनी उत्तर दिलं: दुरुस्ती कोणत्या प्रकारची, किती आणि कशी, यावर सगळं अवलंबून आहे, निवडक आणि स्पष्ट दुरुस्तीचा उपयोग होतो. माझा अनुभव फेरिस यांच्या बाजूचा आहे. साठ वह्यांतली प्रत्येक चूक लाल केली तर शिक्षक थकतो आणि मूल पान उलटतं. एका आठवड्याला एकच चूक धरली आणि तिच्याआधी तिचा परिणाम दाखवला, तर ती सुटते.

परीक्षेचं वजन मोठं आहे, हे मान्य. शालान्त परीक्षेच्या कृतिपत्रिकेत चूक शोधून वाक्य दुरुस्त करायचं असतं. स्टाफ सिलेक्शन आणि बँकांच्या परीक्षांसाठी जळगाव-धुळ्याच्या अभ्यासिकांत बसलेली मुलं वाक्याचे चार तुकडे पाहून चूक कोणत्या तुकड्यात आहे ते पटापट सांगतात. हे कौशल्य नोकरी मिळवून देतं, त्याला कमी लेखण्याचं कारण नाही. पण त्या वाक्यांना लिहिणारा नसतो, वाचणारा नसतो, प्रसंग नसतो. तिथं चूक असते किंवा नसते, दोन अर्थ कधीच नसतात. नोकरी लागल्यावर मात्र त्याच मुलाला अर्ज, अहवाल, लॉगबुक लिहायचं असतं, आणि तिथं सगळा प्रश्न दोन अर्थांचाच असतो. मोबाइलमधली दुरुस्तीची सोय आता अर्ध्या चुका स्वतःच सुधारते. ती ‘टोल्ड’खाली रेघ ओढेल. सोमवारी कोण येणार आहे, हे तिला सांगता येणार नाही. म्हणून यापुढे इंग्रजीच्या शिक्षकाचं काम संदिग्धतेच्या बाजूला अधिक सरकणार, हे मला स्पष्ट दिसतं.

तास पस्तीस मिनिटांचा असतो. त्यात मी शेवटची सात मिनिटं राखून ठेवतो. लिहिलेला परिच्छेद शेजाऱ्याला द्यायचा. शेजाऱ्यानं पेन हातात घ्यायचं नाही. मोठ्यानं वाचायचं आणि जिथं अडखळेल तिथं थांबून मराठीत, अहिराणीत, जमेल त्या भाषेत विचारायचं: कोण? कोणतं? कधी? लिहिणाऱ्यानं उत्तर आधी तोंडी द्यायचं, मग तेच वाक्यात घालायचं. लाल शाई या सात मिनिटांत लागत नाही. चुका उरतात, त्या मी घरी नेतो आणि त्यातली एक दुसऱ्या दिवशी फळ्यावर येते.

तापातून उठून तो मुलगा शाळेत आला, तेव्हा मी त्याला ती वही उघडायला सांगितली आणि माझी दुरुस्ती माझ्याच हातानं खोडली. मग त्याच्या शेजाऱ्याला ती ओळ वाचायला लावली. त्यानं वाचली आणि विचारलं, ‘कोन येनार? तू का तुझे पप्पा?’ मुलानं ‘आय’ खोडलं, त्या जागी ‘ही’ लिहिलं, थोडा थांबला आणि ‘ही’ खोडून ‘माय फादर’ लिहिलं. मग सुरुवातीचं ‘माय फादर टोल्ड दॅट’ही खोडलं. वाक्य आता असं झालं: ‘माय फादर विल कम ऑन मंडे.’ ‘टोल्ड’ची गरजच उरली नव्हती.